रोज हजार लिटरची टाकी संपते: पाणी जाते कुठे आणि ते वाचवायचे कसे

प्रश्न थोडक्यात असा आहे: घरात चार माणसे, गच्चीवर हजार लिटरची टाकी. ती रोज भरावी लागते आणि तरीही संध्याकाळी नळ कोरडा पडतो. दात घासताना नळ बंद ठेवतात, मुलांनाही तशी सवय लावली आहे, पण फरक जाणवत नाही. सुरुवात कुठून करावी आणि कोणती उपकरणे घ्यावीत?

उपकरणांचे नंतर बघू, आधी हिशेब मांडा. चौघांना हजार लिटर म्हणजे माणशी 250 लिटर. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते पिणे, स्वयंपाक, अंघोळ, कपडे आणि स्वच्छता या सगळ्यासाठी माणशी रोज 50 ते 100 लिटर पाणी असले की बहुतेक गरजा भागतात. म्हणजे तुमच्या घरात गरजेच्या अडीचपट पाणी जाते आहे. एवढी तफावत नुसत्या सवयींमुळे सहसा पडत नाही. कुठेतरी गळती असते किंवा नळातून गरजेपेक्षा फार जोरात पाणी येत असते. बहुतेक घरांत दोन्ही असते.

एका दिवसाचा अंदाज मांडून पाहू. शॉवरमधून मिनिटाला 11 लिटर पाणी येते आणि प्रत्येकजण सहा मिनिटे शॉवरखाली असतो असे धरले तर चौघांचे 264 लिटर झाले. जुनी नऊ लिटरची फ्लश टाकी माणशी पाच वेळा ओढली की 180. भांडी घासताना दिवसभरात पंधरा मिनिटे नळ चालू, मिनिटाला दहा लिटर, म्हणजे 150. वॉशिंग मशीनची एक फेरी 100. बेसिनवर चौघांचे मिळून 60. पिणे आणि स्वयंपाक 30. घरात आरओ असेल तर त्याचे वाया जाणारे पाणी 45. लादी पुसायला 20. बेरीज 849. टाकीतून गेले हजार, म्हणजे सुमारे 150 लिटरचा हिशेब लागत नाही. तुमचे आकडे वेगळे येतील, पण ही न जुळणारी रक्कम जवळपास प्रत्येक घरात निघते, आणि ती आधी शोधायची. कारण ते पाणी कोणाच्याच उपयोगी पडत नाही.

150 लिटर ऐकायला मोठे वाटते, पण ती गळती डोळ्यांना दिसत नाही. दिवसाला 150 लिटर म्हणजे मिनिटाला जेमतेम शंभर मिलिलिटर. कमोडच्या भांड्याच्या मागच्या भिंतीवरून एवढे पाणी उतरत असेल तर आवाज येत नाही, धार दिसत नाही, फक्त तिथली चिनी माती सतत ओली राहते आणि काही महिन्यांनी क्षारांचा एक पिवळट पट्टा उमटतो. तुमच्या कमोडमध्ये असा पट्टा असेल तर शंका घ्यायला तेवढे पुरे आहे.

गळती आहे की नाही हे पक्के करायला एक रात्र लागते. झोपण्यापूर्वी पंप बंद आहे ना ते पाहा आणि टाकीत पाणी आणणाऱ्या नळीचा व्हॉल्व्ह बंद करा. टाकीच्या काठापासून पाण्याच्या पृष्ठभागापर्यंतचे अंतर टेपने मोजून लिहून ठेवा. सकाळी कोणी नळ उघडण्याआधी पुन्हा मोजा. गोल टाकीचा आतला व्यास 1.1 मीटर असेल तर एक सेंटिमीटर पातळी उतरणे म्हणजे साडेनऊ लिटर पाणी जाणे. आठ तासांत पाच सेंटिमीटर उतरली तर दिवसाला सुमारे 140 लिटर गेले. रात्री कोणी फ्लश केला असेल तर तेवढे पाणी वजा करा. थेट नळजोड आणि मीटर असेल तर काम आणखी सोपे: मीटरच्या तबकडीवर एक छोटी चांदणी किंवा त्रिकोण असतो. घरातले सगळे नळ बंद असताना तो हळूहळू जरी फिरत असेल, तर कुठेतरी पाणी जाते आहे.

पातळी उतरली तर दुसऱ्या रात्री सगळ्या फ्लश टाक्यांचे अँगल कॉक, म्हणजे टाकीला पाणी देणाऱ्या नळीवरच्या भिंतीजवळच्या छोट्या तोट्या, बंद करून हेच मोजमाप पुन्हा करा. आता पातळी स्थिर राहिली तर दोष फ्लशचा. तरीही उतरत असेल तर टपकणारे नळ तपासा, आणि तेही कोरडे असतील तर भिंतीतली नळी किंवा टाकीचा जोड पाहावा लागेल. घराला जमिनीखालची टाकी असेल तर तिचीही अशीच परीक्षा घ्या. तिथली गळती जास्त धोक्याची, कारण ज्या भेगेतून पाणी बाहेर जाते त्याच भेगेतून टाकी रिकामी असताना आजूबाजूचे सांडपाणी आत येऊ शकते.

माझ्या मते तीनातल्या दोन घरांत तरी दोष फ्लशच्या टाकीतच निघेल, म्हणून ते नीट सांगतो. टाकीचे झाकण काढून आत खाण्याच्या रंगाचे आठ-दहा थेंब टाका आणि वीस मिनिटे फ्लश करू नका. भांड्यात रंग उतरला तर खालचे सील गळते आहे. रंग टाकण्याआधी एक गोष्ट बघून ठेवा: पाण्याची पातळी मधल्या उभ्या ओव्हरफ्लो नळीच्या तोंडाखाली दोन-अडीच सेंटिमीटर असायला हवी. पाणी त्या नळीच्या तोंडातूनच आत पडत असेल तर सील ठीक आहे, दोष पाणी आणणाऱ्या व्हॉल्व्हचा किंवा फ्लोटचा, म्हणजे तो व्हॉल्व्ह बंद करणाऱ्या तरंगत्या भागाचा, आहे. या दोन दोषांची दुरुस्ती वेगळी आहे. ते वेगळे न ओळखता अनेकदा अख्खा संच बदलला जातो आणि महिन्याभरात तक्रार परत येते.

फ्लोटचा दोष असेल तर आधी तो खाली सरकवून पाहा. नव्या प्रकारात बाजूचा स्क्रू किंवा क्लिप फिरवायची असते, जुन्या बॉलकॉकमध्ये दांडीवरचा स्क्रू. फ्लोट हाताने वर उचलला तरी पाणी थांबत नसेल, तर व्हॉल्व्हच्या आतल्या रबरी पडद्याखाली कचरा अडकला आहे. अँगल कॉक बंद करा, व्हॉल्व्हची टोपी फिरवून काढा, पडदा धुवा. मग त्या उघड्या तोंडावर पेला उलटा धरून कॉक दोन सेकंद उघडा, म्हणजे नळीतली वाळू निघून जाईल. पडद्याला चीर असेल तर तो बदला.

सील गळत असेल तर कॉक बंद करून टाकी रिकामी करा आणि मधला फ्लश व्हॉल्व्ह पाव वळसा डावीकडे फिरवून उचला. बहुतेक व्हॉल्व्ह असेच निघतात. खालचे रबर अंगठ्याने चोळा. बोटाला काळे लागले किंवा रबर कडक झाले असेल तर त्याचे आयुष्य संपले, नवे बसवा. रबर मऊ आहे पण त्यावर पांढरा थर आहे, असे असेल तर तासभर व्हिनेगरमध्ये किंवा लिंबूसत्त्वाच्या पाण्यात भिजवून मऊ कापडाने पुसा. रबर ज्या प्लॅस्टिकच्या कडेवर बसते ती कडही तितक्याच काळजीने पुसा. तिथे वाळूचा एक कण राहिला तरी नवे सील गळते. फ्लशच्या टाकीत सोडायच्या निळ्या किंवा क्लोरीनच्या वड्या वापरत असाल तर त्या बंद करा, त्या रबर लवकर खातात. भिंतीतल्या टाकीलाही हाच उपाय लागू आहे. समोरची बटणाची पट्टी काढली की त्या खिडकीतून दोन्ही व्हॉल्व्ह बाहेर येतात, भिंत फोडायची गरज नसते.

टपकणारा नळ त्या मानाने लहान चोर आहे. थेंब लहान-मोठा असतो, पण सेकंदाला एक थेंब पडत असेल तर दिवसाला साधारण 8 ते 20 लिटर जातात. अंदाज नको असेल तर खाली पेला ठेवा, दहा मिनिटांत जमलेले पाणी मोजा आणि 144 ने गुणा. जुन्या फिरकीच्या नळात दोष वॉशरचा असतो. पाव वळशाच्या नळात आत दोन सिरॅमिक चकत्या असतात आणि त्यांवर वाळूने ओरखडा पडला की नळ कितीही आवळला तरी टपकतोच. जोर लावून आवळल्याने उलट दांडी तुटते. असा नळ दुरुस्त करताना पाणी बंद करून बेसिनच्या जाळीवर फडके टाका, नाहीतर छोटा स्क्रू हमखास आत जातो. आतले कार्ट्रिज, म्हणजे चकत्यांचा अख्खा संच, काढून नमुना म्हणून दुकानात सोबत न्या. वरच्या दात्यांची संख्या आणि उघडण्याची दिशा जुळली नाही तर मूठ बसत नाही किंवा नळ उलटा उघडतो.

गळती थांबली की मग प्रवाहाकडे वळा. प्रत्येक नळाखाली एक लिटरचे माप धरा, नळ नेहमीसारखा उघडा आणि भरायला किती सेकंद लागतात ते पाहा. साठला त्या सेकंदांनी भागले की मिनिटाचे लिटर मिळतात. पाच सेकंदांत भरले तर मिनिटाला 12 लिटर. हात-तोंड धुवायला मिनिटाला चार लिटर पुरतात, भांड्यांना सहा. जास्तीचे पाणी काही अधिक स्वच्छ करत नाही, ते फक्त आजूबाजूला उडते.

प्रवाह कमी करण्याचा बिनखर्चाचा उपाय बेसिनच्या खाली आहे. तिथला अँगल कॉक अर्धा-पाऊण बंद करा. उंच इमारतीत खालच्या मजल्यांवर याचा फार उपयोग होतो. पाण्याच्या दर दहा मीटर उंचीमागे साधारण एक बार दाब वाढतो, आणि प्रवाह दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. वरच्या मजल्यावर टाकी तीन मीटर उंच आणि तळमजल्यावर चोवीस मीटर उंच असेल तर दाब आठपट होतो आणि त्याच नळातून पावणेतीन पटीहून जास्त पाणी येते. सवयी तशाच असून तळमजल्यावरचा वापर जास्त दिसतो तो यामुळे. अशा इमारतीत खालच्या मजल्यांच्या नळीला दाब कमी करणारा व्हॉल्व्ह बसवला, तर सगळ्या घरांचा वापर एकदम उतरतो आणि गळतीही कमी होते.

यानंतर एरेटर, म्हणजे नळाच्या तोंडाशी बसणारी हवा मिसळणारी जाळी. घेताना आट्याचे माप पाहा: नळाच्या तोंडाला आतून आटे आहेत की बाहेरून, आणि 22 मिलिमीटर की 24. बेसिनसाठी मिनिटाला तीन-चार लिटरची, स्वयंपाकघरासाठी सहाची. बादली भरायच्या नळाला आणि वॉशिंग मशीनच्या जोडाला एरेटर लावू नका, तिथे पाणी तेवढेच लागते, फक्त वेळ जातो. टाकी नळापेक्षा एक-दोन मीटरच उंच असेल तर हवा मिसळणारी जाळी रडतखडत चालते, तिथे फवाऱ्याची जाळी घ्या. क्षारयुक्त पाण्यात दर दोन-तीन महिन्यांनी जाळी काढून व्हिनेगरमध्ये भिजवावी लागते. हे न केल्याने धार वाकडी होते, लोक वैतागून जाळी काढून फेकतात आणि मग प्रवाह पुन्हा पहिल्यासारखा होतो.

शॉवरचे तोंड मिनिटाला सात-आठ लिटरचे घेतले तर अंघोळीत कसर वाटत नाही. मात्र गरम पाणी गॅसच्या तात्काळ गिझरमधून येत असेल तर आधी त्याला किमान किती प्रवाह लागतो ते पाहा. त्याहून कमी पाणी गेले तर बर्नर पेटतच नाही. बादलीने अंघोळ करणाऱ्याला 15 ते 20 लिटर पुरतात, तिथे सुधारायला फारसे काही नाही.

गरम पाण्याची वाट पाहताना सोडून दिलेले थंड पाणी कोणी मोजत नाही. आतून 20 मिलिमीटर व्यासाच्या नळीत दर मीटरला सुमारे 0.31 लिटर पाणी असते. गिझर बारा मीटर लांब असेल तर जवळपास पावणेचार लिटर थंड पाणी नळीत उभे असते, आणि नळी स्वतः तापेपर्यंत त्याहून जास्त जाते. हे रोज प्रत्येक अंघोळीला होते. नळाखाली बादली ठेवा, ते पाणी स्वच्छच असते. नवे घर बांधत असाल तर गिझर न्हाणीघराला लागून बसवा आणि त्या नळीला 15 मिलिमीटर पुरत असेल तर 20 घालू नका. वाचलेल्या गरम पाण्याबरोबर ऊर्जाही वाचते: 20 लिटर पाणी 30 अंशांनी तापवायला सुमारे 0.7 युनिट वीज लागते.

फ्लशबद्दल पुन्हा थोडे. पिण्यालायक केलेले पाणी मैला वाहून न्यायला वापरणे हा घरातला सगळ्यात मोठा अपव्यय आहे असे मला मनापासून वाटते. पृथ्वीवरच्या एकूण पाण्यात गोडे पाणी अवघे अडीच टक्के आणि त्याचाही दोन तृतीयांशाहून जास्त भाग बर्फात अडकलेला, हे लक्षात घेतले तर दर फ्लशला नऊ लिटर ही उधळपट्टी आहे. तीन आणि सहा लिटरच्या दोन बटणांची टाकी बसवली तर तुमचे 180 लिटर सुमारे 72 वर येतात. पण भांडेही त्या मापाचे हवे. जुन्या मोठ्या भांड्यावर सहा लिटरची टाकी लावली तर एका फ्लशमध्ये काम होत नाही, दोनदा ओढावे लागते आणि आडव्या नळीत मळ साचून तुंबते. टाकी बदलायची नसेल तर पाण्याने भरलेली एक लिटरची बाटली हलत्या भागांना लागणार नाही अशी आत उभी करा आणि आठवडाभर पाहा. एकदाच फ्लश करून भांडे साफ होत असेल तर ती राहू द्या. वीट कधीही ठेवू नका, तिचा भुगा सीलखाली जातो आणि नवी गळती सुरू होते.

आरओ यंत्र एक लिटर शुद्ध पाण्यामागे दोन-तीन लिटर बाहेर टाकते. यंत्र घेण्याआधी पाण्यातले विरघळलेले क्षार मोजा. लिटरला 600 मिलिग्रॅमपेक्षा कमी असतील तर चवीसाठी आरओची गरज नसते. जंतूंसाठी गाळणी आणि अतिनील दिवा पुरतो. फ्लोराइड, नायट्रेट किंवा आर्सेनिक असल्याचे प्रयोगशाळेच्या तपासणीत आढळले तर गोष्ट वेगळी, तिथे आरओ लागते. त्याचे बाहेर पडणारे पाणी झाकणाच्या डब्यात घ्या आणि लादी पुसायला किंवा फ्लशला वापरा. रोज कुंड्यांना घालू नका, क्षार मातीत साठतात आणि पानांच्या कडा करपतात. काहीजण पाणी वाचवण्यासाठी बाहेर टाकणाऱ्या नळीला चिमटा लावतात. तसे करू नका, क्षार पडद्यावर बसतात आणि पडदा लवकर निकामी होतो.

वॉशिंग मशीन पूर्ण भरल्याशिवाय लावू नका आणि पावडर मोजून टाका. फेस जास्त झाला की काही मशीन आपणहून एक खळबळणे वाढवतात. वरून उघडणारे मशीन एका फेरीला साधारण 100 ते 150 लिटर घेते, समोरून उघडणारे 45 ते 60. शेवटच्या खळबळण्याचे पाणी बादलीत घेऊन फ्लशला वापरता येते. झाडांना द्यायचे असेल तर मुळाशी, मातीवर द्या, पानांवर नको, आणि कच्च्या खायच्या भाज्यांना तर अजिबात नको. असे पाणी 24 तासांपेक्षा जास्त साठवू नका, त्याला वास येतो आणि डास होतात. बागेला यापेक्षाही उपयोगी पडते ते वाळलेल्या पानांचे पाच-सात सेंटिमीटर जाडीचे आच्छादन. पाणी सकाळी लवकर द्या, आणि आधी बोट पाच सेंटिमीटर आत घालून माती ओली आहे का ते पाहा. ओली असेल तर त्या दिवशी पाणी नको.

छतावरच्या पावसाचा हिशेब सोपा आहे: एक चौरस मीटर छतावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. शंभर चौरस मीटरच्या काँक्रीटच्या छतावर 20 मिलिमीटर पाऊस झाला आणि त्यातला 80 टक्के हाती लागला तर 1600 लिटर मिळाले. सुरुवातीच्या एक ते दोन मिलिमीटर पावसात छतावरची धूळ आणि पक्ष्यांची विष्ठा उतरते, म्हणून पहिले 100 ते 200 लिटर बाजूला वळवणारी उभी नळी हवी. तिच्या खालच्या टोकाला बारीक छिद्र ठेवा, म्हणजे पुढच्या पावसापर्यंत ती रिकामी होते. हे छिद्र बुजणे हाच या व्यवस्थेतला नेहमीचा बिघाड. मग पुढच्या वेळी सगळी घाण टाकीत जाते. साठवण्याची सोय नसेल तर पाणी गाळून शोषखड्ड्यात सोडा. विहिरीत किंवा बोअरमध्ये न गाळलेले पाणी थेट सोडणे म्हणजे भूजल आपल्या हाताने नासवणे.

पाणी कुठे वाचवायचे नाही हेही सांगायला हवे. पिण्यात, साबणाने हात धुण्यात, आजारी माणसाच्या आणि बाळाच्या स्वच्छतेत काटकसर करू नका. साबण चोळताना वीस सेकंद नळ बंद ठेवला की हात धुवायला अर्धा-एक लिटर पुरतो, तेवढी काळजी पुष्कळ झाली.

हे सगळे केल्यावर तुमचा हिशेब असा बसायला हवा: शॉवर सात लिटरने पाच मिनिटे, चौघांचे 140. फ्लश 72. भांडी 50. कपडे दिवसाआड पूर्ण भरून, म्हणजे रोजचे 50. बेसिन 25. पिणे आणि स्वयंपाक 30. आरओचे 45, त्यातच लादीही पुसून होते. एकूण 412 लिटर, माणशी शंभरच्या जरा वर.

सगळे एका दिवसात बदलू नका. एक बदल करा, आठवडाभर टाकीची रोजची पातळी लिहा, मग पुढचा करा. दोन बदल एकदम केले तर कशाने फरक पडला ते कळत नाही. फ्लशची रंगाची परीक्षा दर तीन महिन्यांनी घ्या, आणि रात्रीचे मोजमाप प्लंबर येऊन गेल्यावर प्रत्येक वेळी. दुरुस्तीच्या वेळी नळीत शिरलेली वाळू पहिल्या दोन-तीन दिवसांतच कुठल्या ना कुठल्या सीलखाली जाऊन बसते.